आफ्रिकेच्या सफारीला केव्हा जावे?

गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातील गोष्ट. आमच्या इंदूर शाखेत एक ज्येष्ठ दांपत्य आले. गृहस्थ भूगोलाचे निवृत्त शिक्षक, तर बाई प्रसूतिगृहातील निवृत्त परिचारिका. दोन वर्षांच्या मुदतीची आठ लाख रुपयांची ठेव मुदतीपूर्वी मोडण्याचा अर्ज त्यांनी भरून आणला होता. ठेवीची मुदत जानेवारीच्या अखेरीस संपणार होती. एवढी घाई का, असे विचारता सरांनी पिशवीतून एका सहलीचे माहितीपत्रक काढून समोर ठेवले. "ऑगस्टातच जायला हवं म्हणतात. आयुष्यात एकदाच जाणार, तर हंगाम चुकायला नको."

माहितीपत्रक केनिया व टांझानिया यांच्या सीमेवरील मसाई मारा आणि सेरेंगेटी या वनप्रदेशांचे होते. योगायोगाने त्या विषयात मी आधीच फी भरून शिकलो होतो. काही वर्षांपूर्वी मुलीच्या शाळेला मे महिन्याची सुटी आणि सहलीच्या दरातील घसघशीत सूट या दोन गोष्टी पाहून मी कुटुंबासह तेथे गेलो होतो. सूट का मिळाली, हे तेथे पोहोचल्यावर समजले. पाच दिवसांपैकी दोन दिवस आम्ही तंबूच्या ओसरीत बसून पाऊस पाहिला. सहलीचा हंगाम निवडताना माणसे दर पाहतात, सुट्या पाहतात, शेजाऱ्यांचे अनुभव ऐकतात; पण ज्या निसर्गासाठी जायचे, त्याचे वेळापत्रक मात्र क्वचितच पाहतात. तेच वेळापत्रक या लेखात समजून घेऊ.

एकच प्रदेश, दोन देश

'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेतला. त्याचे मूळ अरबी 'सफर' या शब्दात आहे, आणि तोच शब्द आपल्या मराठीतही नांदतो. टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९५१ साली झाली आणि १९८१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे जवळपास आपल्या सोलापूर जिल्ह्याएवढे आहे. उत्तरेला सीमा ओलांडली की केनियाचे मसाई मारा अभयारण्य लागते. ते सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचे, म्हणजे सेरेंगेटीच्या एकदशांश आहे. आग्नेयेस न्गोरोंगोरोचे विवर आहे. आपले लोणार उल्कापाताने झाले, तर न्गोरोंगोरो एका प्राचीन ज्वालामुखीचा माथा खचून तयार झाले. सुमारे ६०० मीटर खोल आणि २६० चौरस किलोमीटर तळ असलेल्या या विवरात सिंह, हत्ती व काळे गेंडे बारमाही राहतात.

नकाशावर या प्रदेशात सीमारेषा आहेत, पण प्राण्यांच्या लेखी तो एकच आहे. वाइल्डबीस्ट हा हरिणवर्गीय प्राणी लाखोंच्या संख्येने, झेब्रे व गॅझेल यांच्यासह, या प्रदेशात वर्षभर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फेरी मारतो. यालाच 'महास्थलांतर' म्हणतात. विमानातून केलेल्या मोजणीच्या आधारे वाइल्डबीस्टची संख्या अनेक वर्षे सुमारे १३ लाख मानली जात असे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या, उपग्रह छायाचित्रांवर आधारित एका अभ्यासाने ती सहा लाखांहूनही कमी असल्याचे म्हटले आहे. मोजणीच्या पद्धतींवर तज्ज्ञांत चर्चा चालू आहे. ती कशीही मिटो, जमिनीवर उभ्या असलेल्या प्रवाशाला क्षितिजापर्यंत पसरलेला कळप दोन्ही हिशेबांत तेवढाच थक्क करतो.

या कळपांचा इतिहासही जाणून घेण्याजोगा आहे. १८९० च्या दशकात गुरांच्या बुळकांडी रोगाने पूर्व आफ्रिका उजाड केली आणि पुढची कित्येक दशके तो रोग वन्य प्राण्यांनाही ग्रासत राहिला. बर्नहार्ड झिमेक आणि त्यांचा मुलगा मायकेल या जर्मन पितापुत्रांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस छोट्या विमानातून येथील प्राण्यांची गणना केली. याच कामात, १९५९ च्या जानेवारीत, विमान कोसळून मायकेल मृत्यू पावला. पुढे परिसरातील पाळीव गुरांना लसी टोचल्यावर १९६० च्या दशकात रोग हटला आणि अडीच लाखांच्या घरात असलेले वाइल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांच्या आसपास पोहोचले. गावातील गुरांना टोचलेल्या लसीने रानातील कळप वाचला, असे हे उदाहरण आहे.

पावसाचे गणित

आपल्याकडे वर्षातून एकच मुख्य पावसाळा असतो. विषुववृत्ताला लागून असलेल्या या प्रदेशात मात्र दोन असतात, आणि त्याचे कारण सोपे आहे. सूर्य डोक्यावर येतो तेथे जमीन तापते, हवा वर चढते आणि पावसाचा पट्टा तयार होतो. सूर्य वर्षातून दोनदा विषुववृत्त ओलांडतो, मार्चमध्ये उत्तरेकडे जाताना आणि सप्टेंबरमध्ये दक्षिणेकडे परतताना. पावसाचा पट्टा काही आठवड्यांच्या अंतराने त्याच्या मागोमाग सरकतो. म्हणून मार्च ते मे या काळात मोठा पाऊस येतो. स्वाहिलीत त्याला 'मसिका' म्हणतात. नोव्हेंबर-डिसेंबरात लहान पाऊस येतो, तो 'वुली'. जून ते सप्टेंबर हा पट्टा उत्तरेकडे, म्हणजे आपल्याकडे असतो. आपण छत्री घेऊन बाहेर पडतो तेव्हा सेरेंगेटीचे गवत वाळत असते. आपल्या नैर्ऋत्य मान्सूनचे वारेही केनियाच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडूनच इकडे येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे पाऊस सर्वत्र सारखा पडत नाही. सेरेंगेटीच्या आग्नेय भागात वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर उत्तरेकडे माराजवळ तो जवळजवळ दुप्पट असतो. कमी पावसाच्या आग्नेय मैदानावर मात्र न्गोरोंगोरो परिसरातील ज्वालामुखींनी टाकलेली राख साचली आहे. तेथील गवत आखूड, पण कॅल्शियम आणि फॉस्फरस यांनी समृद्ध असते. दूध पाजणाऱ्या मादीला हेच हवे असते. म्हणून पाऊस असेपर्यंत कळप दक्षिणेला राहतात आणि तेथले पाणी आटले की उत्तरेकडे, बारमाही वाहणाऱ्या मारा नदीकडे वळतात. पौष्टिक चारा दक्षिणेत आणि भरवशाचे पाणी उत्तरेत, या एका विसंगतीतून महास्थलांतर जन्माला येते. हे समजले की हंगामाचा प्रश्न निम्मा सुटतो.

वर्षाचे चार भाग

जानेवारी ते मार्चचा आरंभ : जन्माचा हंगाम. लहान पाऊस ओसरलेला असतो आणि मोठा यायचा असतो. कळप दक्षिणेला न्डुटूच्या आसपास, आखूड गवताच्या मैदानावर असतात. जानेवारीच्या अखेरीपासून माद्या विऊ लागतात आणि बहुसंख्य पिल्ले दोन-तीन आठवड्यांच्या अवधीत जन्मतात. एकाच वेळी एवढी पिल्ले जन्मली, की सिंह, तरस आणि चित्ते खाऊन खाऊन किती खाणार? म्हणून त्यांतील बहुतेक वाचतात. जन्मलेले पिल्लू काही मिनिटांतच उभे राहते आणि लवकरच आईबरोबर धावू लागते. मैदान उघडे असल्याने चित्त्याची शिकार पाहण्याची संधीही याच काळात चांगली असते. हवा उबदार असते; दुपारी एखादी सर येऊ शकते. कळप टांझानियाच्या बाजूला असल्यामुळे या महिन्यांत केवळ मसाई मारा पाहून परतणाऱ्याला महास्थलांतर दिसणार नाही, ही बाब आरक्षणापूर्वीच ध्यानात घ्यावी.

मार्चचा उत्तरार्ध ते मे : मोठा पाऊस. कळप वायव्येकडे निघतात. गवत उंच वाढलेले असते आणि पाणी ठायी ठायी साचलेले असते, त्यामुळे प्राणी विखुरतात व दिसणे अवघड होते. ताडोबाला मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतो, त्याच्या नेमकी उलट स्थिती येथे मे महिन्यात असते. माराच्या बऱ्याच भागात विदर्भासारखी काळी, चिकट माती आहे. पावसात तीत गाडी रुतली की तास-दोन तास सहज जातात. काही तंबूनिवास या काळात बंदच ठेवतात. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत केनियात मोठे पूर आले, तेव्हा मारा परिसरातील तलेक नदीचे पाणी तंबूनिवासांत शिरले आणि पर्यटकांना हलवावे लागले. असे दरवर्षी होत नाही, पण आपल्या उन्हाळी सुटीचा काळ आणि तेथील सर्वांत ओला काळ एकच आहे, हे पालकांनी विसरू नये. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दर सर्वांत कमी असतात, गर्दी नसते, रान हिरवेगार असते आणि छायाचित्रकारांना हवे तसे ढगांनी भरलेले आकाश मिळते. पावसाची मानसिक तयारी ठेवून गेलेला माणूस समाधानाने परततो. आमची तयारी नव्हती.

जून ते ऑक्टोबर : कोरडा ऋतू. जूनमध्ये कळप सेरेंगेटीच्या पश्चिम पट्ट्यात, ग्रुमेती नदीजवळ असतात. जुलैच्या उत्तरार्धापासून ते उत्तरेला पोहोचतात आणि ऑक्टोबरपर्यंत मारा नदीच्या दोन्ही तीरांवर ये-जा करतात. मगरींनी भरलेल्या नदीत हजारो प्राणी झेपावतात, तो प्रसिद्ध देखावा याच काळातला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार दरवर्षी सरासरी ६,२०० हून अधिक वाइल्डबीस्ट या नदीत बुडून मरतात. मासे, मगरी, गिधाडे आणि करकोचे त्यांवर जगतात. वाहून गेलेले मरणही नदीचे अन्न होते. गवत वाळलेले आणि प्राणी पाण्याभोवती गोळा झालेले असल्याने सिंह, हत्ती, बिबटे सर्वच चांगले दिसतात.

मग ऑगस्टच उत्तम, असे का म्हणू नये? कारण नदी ओलांडण्याला तारीख नसते. कळप तीरावर येतो, तासन् तास उभा राहतो आणि कधी कधी मागे फिरतो. तीन दिवस मुक्काम करूनही एकही प्रसंग न दिसलेले प्रवासी थोडे नाहीत, आणि दिसला तरी तो कित्येकदा गाड्यांच्या गर्दीतून पाहावा लागतो. खर्चही बराच वाढतो. २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार मसाई मारा अभयारण्यात परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर, तर जुलै ते डिसेंबर या काळात २०० डॉलर प्रवेशशुल्क आकारले जाते. दोघांच्या तीन दिवसांसाठी नुसता प्रवेशशुल्कातच ६०० डॉलरचा फरक पडतो. उंचीमुळे जुलै-ऑगस्टच्या पहाटे थंडीही चांगलीच असते. उघड्या गाडीत लोकरी टोपी अनाठायी ठरत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर : लहान पाऊस. कळप पुन्हा दक्षिणेकडे परततात. पाऊस बहुधा दुपारी किंवा सायंकाळी थोडा वेळ पडून उघडतो. दिवसभर अडकून पडण्याचे प्रसंग मोठ्या पावसाच्या मानाने कमी. युरोप व आशियातून आलेल्या पक्ष्यांमुळे पक्षीनिरीक्षकांना हा काळ प्रिय असतो. नागालँडमध्ये लाखोंनी विसावणारे अमूर ससाणे अरबी समुद्र ओलांडून याच सुमारास पूर्व आफ्रिकेवरून दक्षिणेकडे जातात. दिवाळीची सुटी साधणाऱ्यांसाठी हा चांगला मध्यम मार्ग आहे. नाताळाच्या आठवड्यात मात्र दर पुन्हा चढतात.

हे महिने पंचांगातील तिथीसारखे मानू नयेत. पाऊस दोन-तीन आठवडे पुढेमागे झाला की कळपही पुढेमागे होतात. म्हणून मुक्काम एकाच ठिकाणी दोन रात्रींचा न ठेवता किमान तीन-चार रात्रींचा ठेवावा.

पैशाचे वेळापत्रक

आता बँकेच्या खिडकीकडे वळू. सहलीचा हंगाम निश्चित झाला की त्यामागून पैशाचा हंगाम ठरवावा. बहुतेक ग्राहक नेमके उलट करतात.

सरांच्या ठेवीचाच हिशेब उदाहरणादाखल मांडतो. आठ लाख रुपये, दोन वर्षे, वार्षिक ७ टक्के, व्याजाची आकारणी तिमाही चक्रवाढीने. अठराव्या महिन्यात ठेव मोडली तर करारातील ७ टक्के मिळत नाहीत. ठेव प्रत्यक्षात जितका काळ राहिली त्या काळासाठीचा दर लागू होतो आणि त्यातूनही दंड वजा होतो. तो दर ६.७५ टक्के आणि दंड एक टक्का धरला, तर हाती ५.७५ टक्के येतात. मूळ दराने अठरा महिन्यांत रक्कम सुमारे ८,८७,७६२ रुपये झाली असती. मोडल्यास सुमारे ८,७१,५२८ रुपये मिळतील. म्हणजे केवळ घाईची किंमत सोळा हजारांहून अधिक! अगदीच निकड असेल तर ठेव न मोडता तिच्या तारणावर कर्ज घेता येते. तोही पर्याय शाखेत विचारावा.

परकीय चलनाबाबत काही नियम लक्षात ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंतची रक्कम परदेशासाठी वापरता येते. या प्रवासासाठी रोख नोटांची मर्यादा प्रत्येक भेटीस ३,००० डॉलर आहे. उरलेली रक्कम प्रवासी कार्डावर घ्यावी. प्रस्थानाच्या साठ दिवस आधीपासून चलन घेता येते. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचे चलन घेताना रुपये रोखीने न देता खात्यातून किंवा धनादेशाने द्यावे लागतात. पॅन आवश्यक आहे. परदेशी सहलीच्या रकमेवर उगमस्थानी कर गोळा केला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत असल्याने चालू दर शाखेत विचारावा. हा कर खर्ची पडत नाही. विवरणपत्र भरताना त्याची वजावट किंवा परतावा मिळतो. पण तेवढी रक्कम सुरुवातीला हाताशी असावी लागते. डॉलर घेताना नव्या छपाईच्या नोटा मागून घ्याव्यात. जुन्या किंवा फाटक्या नोटा तेथे नाकारल्या जातात. परतल्यावर उरलेले चलन १८० दिवसांच्या आत जमा करावे. २,००० डॉलरपर्यंत पुढील प्रवासासाठी जवळ ठेवण्याची मुभा आहे.

निघण्यापूर्वी

केनियासाठी जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना घ्यावा लागतो. टांझानियाचा व्हिसा वेगळा. केनियाहून भारतात परतणाऱ्याकडे पीतज्वर लसीचे प्रमाणपत्र हवे. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. ते नसल्यास परतल्यावर विलगीकरणात राहण्याची वेळ येऊ शकते. वयस्कर व्यक्तींनी ही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, आणि हिवतापावरील प्रतिबंधक गोळ्यांविषयीही तेव्हाच विचारावे. आणखी एक सूचना खास आपल्या गृहिणींसाठी: केनियाने २०१७ साली आणि टांझानियाने २०१९ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. चिवडा आणि लाडू डब्यांतूनच न्यावेत.

शेवटी काय ठरले?

हे सर्व मी त्या दिवशी सरांना थोडक्यात सांगितले आणि विचारले, "सर, तुम्हाला तिथं नेमकं काय पाहायचंय?" सर लगेच म्हणाले, "नदी ओलांडणं. तेच तर प्रसिद्ध आहे." तोवर गप्प असलेल्या बाईंनी विचारले, "ती पिल्लं जन्मतात म्हणालात, ती कोणत्या महिन्यात?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. सरांनी अर्ज परत मागून घेतला.

ठेव जानेवारीच्या अखेरीस पूर्ण मुदतीने परत मिळाली. सहलीचे हप्ते त्यांनी तोवर निवृत्तिवेतनाच्या बचतीतून भरले, शेवटचा हप्ता ठेवीतून दिला आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ते न्डुटूला गेले. मार्चमध्ये उरलेले डॉलर जमा करण्यासाठी दोघे शाखेत आले. नदी ओलांडणे अर्थातच दिसले नव्हते, आणि सरांनी ती चुटपुट लपवलीही नाही. एका दुपारी पावसाने गाडी चिखलात रुतली होती. बाई मात्र वेगळेच सांगत होत्या. तीस वर्षे त्यांनी प्रसूतिगृहात काढली. त्या मैदानावर एका सकाळी त्यांनी अकरा जन्म मोजले. "एकीलाही कुणाची मदत लागली नाही हो," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

वाचकहो, सर्वांसाठी उत्तम असा एकच हंगाम नसतो. नदीवरचा थरार पाहायचा असेल तर ऑगस्ट-सप्टेंबर, जन्माचा सोहळा पाहायचा असेल तर फेब्रुवारी, पक्षी पाहायचे असतील तर नोव्हेंबर, आणि कमी खर्चात हिरवे रान पाहायचे असेल तर छत्रीसह एप्रिल-मे. ठेवीचा अर्ज भरताना आपण आधी उद्देश ठरवतो आणि मग मुदत. सहलीचा अर्जही त्याच क्रमाने भरावा.